जुनी डिस्क, नवा डबा

नवा कॉम्प्युटर असेंबल करणं हा आमच्या जमातीचा रविवारचा आवडता उद्योग. नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम, सगळं हौसेने आणायचं. आणि मग डोक्यात किडा येतो: विंडोज पुन्हा टाकायचं कशाला? जुन्या मशीनमधली डिस्क काढू, नव्या डब्यात लावू, झालं काम! सगळी सॉफ्टवेअर, सगळी सेटिंग्ज, डेस्कटॉपवर साचलेले ते शेकडो आयकॉन, सगळं जसंच्या तसं.

एक्सपीच्या काळात हे केलं की बहुतेक वेळा निळा पडदा यायचा. त्यावर एक कोड असायचा, स्टॉप सेव्हन-बी. साध्या मराठीत त्याचा अर्थ, "ज्या डिस्कवरून मी उठतोय तीच मला दिसत नाहीये". गंमत बघा, डिस्क शाबूत असते. एक फाइल हललेली नसते. सुरुवातीचा भाग बायॉसच्या मदतीने वाचलाही जातो. पण पुढे विंडोज स्वतःच्या पायावर उभं राहायला जातं, तेव्हा डिस्क कंट्रोलरशी बोलायला त्याला ड्रायव्हर लागतो, आणि सुरुवातीलाच लोड करायच्या यादीत नोंद असते ती जुन्या मदरबोर्डच्या ड्रायव्हरची. नवा कंट्रोलर समोर उभा आहे, पण ओळख नाही. संपलं.

जुन्या लिनक्सवाल्यांनी फार हसू नये. त्यांच्याकडेही 'एचडीए' ची 'एसडीए' झाली की मशीन अर्ध्या वाटेत थांबायचं. आताचं विंडोज बरंच शहाणं झालंय, बरोबर चार सर्वसाधारण ड्रायव्हर बाळगून असतं, त्यामुळे अनेकदा निभावतं. पण जुन्या बायॉस पद्धतीची डिस्क फक्त यूईएफआय जाणणाऱ्या बोर्डावर उठत नाही. आणि बिटलॉकर चालू असेल तर नवं मशीन शांतपणे ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. तो कागद कुठे ठेवलाय ते आठवा आता :)

थोडक्यात काय, तर डिस्कवर जे लिहिलेलं आहे ते सगळं नव्या डब्यात जातं. जे डिस्कवर कधीच लिहिलेलं नव्हतं, पण ज्याच्या भरवशावर ती चालत होती, ते जुन्या डब्यातच राहतं.

आता तुम्ही म्हणाल, हा तर इतिहासाचा लेख होता ना? तोच आहे. आपल्या शेजारी, पुण्याहून तासा-दीड तासाच्या अंतरावर, शिरूर आणि दौंड तालुक्यांत, अशी एक सिस्टिम डिस्क गेली दोनशे वर्षं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवली जातेय. ती म्हणजे जमिनीचं दप्तर. गंमत म्हणून नाही सांगत. आपल्यातले कितीतरी जण रांजणगाव किंवा कुरकुंभच्या रस्त्यावर 'गुंतवणूक' म्हणून प्लॉट बघायला जातात, आणि कितीतरी जणांची वडिलोपार्जित जमीन तिकडे आहे. त्या डिस्कवरची एक ओळ वाचता आली नाही तर काय होतं, हे नुसत्या निळ्या पडद्यावर भागत नाही.

पहिलं स्थलांतर: १८१८

शिरूर म्हणजे घोडनदी, इंग्रजांची जुनी छावणी. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाला लढलेली कंपनीची तुकडी याच शिरूरहून निघाली होती. त्याच वर्षी पेशवाई संपली आणि दख्खनचा कारभार एल्फिन्स्टनच्या हातात आला. म्हणजे मदरबोर्ड बदलला. डिस्क कुठली? पेशव्यांचं दप्तर, आणि गावोगाव कुलकर्ण्यांच्या घरात रुमालात बांधलेले कागद. लिपी मोडी, मोजमाप बिघ्यांत. बिघाही कसा? गावागणिक वेगळा, आणि काही ठिकाणी जमिनीच्या प्रतीप्रमाणे लहानमोठा.

एल्फिन्स्टन हुशार माणूस. त्याने कागद ताब्यात घेतले, पण पाटील-कुलकर्णी जागेवर ठेवले. आमच्या भाषेत सांगायचं तर बोर्ड नवा टाकला, पण जुने ड्रायव्हर काढले नाहीत. कारण गावच्या कागदात 'वडाखालचं शेत' लिहिलं असेल तर कुठला वड, तो कधी पडला, आणि कोणाच्या आज्याने कोणाला ते शेत कसायला दिलं, हे कागदात नव्हतं. ते कुलकर्ण्याच्या डोक्यात होतं. तो काही देवमाणूस होता असं नाही, त्याने आपल्या सोयीनेही वाचलं असेल. पण वाचणारा तोच होता.

नवा फॉरमॅट: १८३६

इंग्रजांना मात्र गावागणिक वेगळं काही चालणार नव्हतं. पहिला प्रयत्न प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केला. शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा, असा पुस्तकी हिशोब. मोजणी सदोष निघाली, आकारणी जड झाली, आणि लोक जमिनी टाकून जाऊ लागले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये नवी पद्धत सुरू केली. साखळीने मोजणी, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, मातीची प्रत ठरवून आकार, आणि तो ३० वर्षं कायम. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आज फ्लॅटवाला माणूससुद्धा गुंठ्याच्या गप्पा मारतो त्याचं मूळ या साखळीत आहे.

हीच पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात पसरली. काम भक्कम होतं यात शंका नाही. पण शेताचं नाव जाऊन नंबर आला, आणि नंबराला आठवण नसते. शेत कोणाच्या ताब्यात आहे आणि सारा कोण भरतो, हे नोंदलं गेलं. त्यावर गावात आणखी कोणाकोणाचा काय हक्क चालत आलाय, हे बरंचसं बाहेर राहिलं.

लोकांनी डिस्कच जाळली: १८७५

आता खरा किस्सा. आजचा दौंड तालुका तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात मोडायचा. (पुण्यात भरणाऱ्या भीमथडी जत्रेतल्या पिठलं-भाकरीवर ताव मारताना हे नाव डोळ्यांसमोर असतं, पण तो एक तालुका होता हे आपल्या गावीही नसतं.) तिथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सावकाराकडून उचल घेत आला होता. गावात तंटा झाला तर पंचायत बसायची. मुद्दल किती, फेड किती, दुष्काळ होता का, हे सगळं बघायची. म्हणजे कर्जरोख्याचा कागद एकटा कधीच वाचला जात नसे.

१८५९ मध्ये दिवाणी दाव्यांचा नवा कायदा आला, आणि त्याच वर्षी मुदतीचा कायदाही. कर्जाच्या साध्या कागदाला ३ वर्षांची मुदत. उद्देश चांगला होता, जुनी भुतं कोर्टात नाचू नयेत. झालं उलटंच. दर ३ वर्षांनी सावकार नवा कागद करून घेऊ लागला, मागचं व्याज नव्या मुद्दलात जिरवून. खाली अंगठा. आणि कोर्ट हे नवं मशीन असं होतं की त्याला फक्त कागद वाचता यायचा. कागदावर रक्कम आहे? आहे. अंगठा आहे? आहे. हुकूमनामा मंजूर. त्यात अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले, आणि ३० वर्षांची मुदत संपून साऱ्याची वाढीव आकारणीही आली.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकाराने गावच्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला. देणं साधारण १५० रुपयांचं. आणि त्याने देशमुखाचं घर पाडायला काढलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. मग १२ मे १८७५ ला सुपे इथे (आज बारामती तालुक्यात, तेव्हा भीमथडीत) जमाव सावकारांच्या घरा-दुकानांवर गेला. जमावाला हवे होते रोखे, हुकूमनामे आणि खातेवह्या. ते बाहेर काढून जाळले. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासकारांनी पुन्हा पुन्हा नोंदवलेली गोष्ट ही, की माणसांना गंभीर इजा कमी झाली, कागद मात्र शोधून शोधून जाळले गेले.

शाळेत आपण हे 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांना वाचलं. मला आता ते वेगळं दिसतं. त्या शेतकऱ्यांना नेमकं ठाऊक होतं की नवं मशीन कशावर चालतं. वाद घालून उपयोग नाही, कारण मशीनला ऐकू येत नाही. मशीन डिस्क वाचतं, तर डिस्कच जाळा.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी, की न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता रोख्याच्या मागे जायचं. व्यवहार सुरू कसा झाला, पहिलं मुद्दल किती, मधे काय काय फेडलं, ते उकरून बघायचं. मशीनला ड्रायव्हर परत बसवला म्हणा ना. सावकारी काही संपली नाही, पण नुसता कागद म्हणजे सत्य नव्हे हे कायद्यात लिहिलं गेलं. त्यासाठी आधी लोकांना आग लावावी लागली.

वाचणारे गेले, नंबर बदलले

१९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. सारा कोण भरतो एवढ्यावर न थांबता हक्क कोणाचा आणि कशाने आला, हे लिहायचं. इथून फेरफाराची शिस्त आली. खरेदी झाली, वारस लागला, वाटणी झाली, की फेरफार नोंदवहीत नंबर पडणार, तो प्रमाणित होणार, मग मुख्य उताऱ्यावर बदल. आपल्या कामात व्हर्जन कंट्रोल असतं ना, तेच. सातबारा म्हणजे आजची स्थिती आणि फेरफार म्हणजे कमिटचा इतिहास. आज आपण जो सातबारा म्हणतो तो १९६६ च्या महसूल संहितेखाली १९७१ साली झालेल्या नियमांतला गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२, जोडून.

दरम्यान दोन मोठे बदल झाले. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेलं, १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत पाटीलकी गेली. ते जायलाच हवं होतं, जन्मावर ठरणारी नोकरी कशाला? पगारी, बदली होणारा तलाठी आला. पण वाचणारा बदलला, आणि बदलीवर जाताना तलाठ्याला दप्तर देता येतं, डोकं देता येत नाही.

दुसरा बदल एकत्रीकरणाचा. १९४७ च्या कायद्याने तुकडे जोडायची योजना आली, आणि ज्या गावांत ती अंमलात आली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ या भागांतल्या कंपन्यांचे पत्ते बघा, 'गट नं.' दिसेल. डेटाबेसवाल्या मंडळींना घाम फुटेल अशी गोष्ट आहे ही. अख्ख्या टेबलाची प्रायमरी की बदलली! जुना नंबर कुठल्या नव्या गटात गेला ते एकत्रीकरणाच्या उताऱ्यात सापडतं, ज्याला लोक 'नऊ तीन, नऊ चार' म्हणतात. तो कागद नसेल तर १९५० ची खरेदी आणि आजचा सातबारा एकाच जमिनीचे आहेत हे सिद्ध करणं अवघड. त्यानंतर एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. ४० गुंठे म्हणजे ४०.४७ आर. दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांवर बांध हलतो.

डबा खरोखरच कॉम्प्युटरचा

केंद्राने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातल्या ८ जिल्ह्यांत सुरू केला. त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता. पुढे राज्यभर हस्तलिखित सातबारा टाइप होत गेले. त्या काळात देवनागरी टाइप केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि तोच फॉन्ट नसला तर काय दिसायचं, हे ज्याने पाहिलंय त्याला ड्रायव्हर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पण फॉन्टपेक्षा अवघड गोष्टी होत्या. हस्तलिखित सातबारावर कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. कंस टाइप करायचा राहिला की गेलेला माणूस मालक म्हणून परत हजर. नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरं असतात, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन त्याची एकट्याची नाही, तो सगळ्यांच्या वतीने उभा आहे. भाऊ गावात, बहिणी लग्न होऊन गेलेल्या. बहिणींची नावं असलीच तर बऱ्याचदा 'इतर हक्क' या रकान्यात. आता ती तीन अक्षरं किंवा तो रकाना टाइप करताना गळला तर? डिस्क कॉपी झाली, चेकसमही जुळला म्हणा, आणि एका बाईचा हक्क जुन्या डब्यात राहिला. ती पुण्यात किंवा मुंबईत धुणीभांडी करत असेल, तिला कळणारही नाही.

सरकारलाही हे कळलं होतं. म्हणून हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारे ताडून बघायचं मोठं काम निघालं. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचनाची मोहीम झाली. उतारे चावडीवर मोठ्याने वाचायचे आणि लोकांनी चुका सांगायच्या. मला ही या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. डेटा बरोबर आहे का हे तपासायला शेवटी गोळा केलं कोणाला? ज्यांना ते शेत ठाऊक आहे त्या माणसांना. मग १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. ज्या कागदासाठी दिवस मोडून तालुक्याला जायचं, तो घरबसल्या मोबाइलवर. हा बदल लहान नाही, आणि त्याला नावं ठेवणाऱ्याने एकदा जुन्या रांगेत उभं राहून बघावं.

तरीही २०२५ मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. नावावरूनच कळतं कशासाठी. मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायला. म्हणजे माणूस कधीच गेलेला, आणि सातबारावर मात्र ठणठणीत, क्यूआर कोडसकट.

आणि २०२३ ची गोष्ट तर ताजीच आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी शिंदे समिती नेमली गेली आणि अचानक जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. कागद होते. रेकॉर्ड रूममध्ये, रुमालात, शाबूत. वाचणारे बोटावर मोजण्याइतके. एका लिपीचा ड्रायव्हर आपण विसाव्या शतकात काढून टाकला, आणि लाखो घरांची पोरं आज त्याच डिस्कवरच्या एका शब्दासाठी अडून बसली.

मग करायचं काय?

कायदा म्हणतो की हक्कनोंदणीतली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरायची. महसूल संहितेचं कलम १५७. लेखनातली चूक दुरुस्त करायची सोय कलम १५५ मध्ये आहे. आणि कोर्टांनी कितीदा तरी सांगितलंय की फेरफार किंवा सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. म्हणजे १८७९ चं तेच सूत्र, कागदाच्या मागे जा. फक्त आता कागद इतका देखणा आणि सहीशिक्क्याचा झालाय की मागे जायचं कोणाला सुचत नाही.

तेव्हा तिकडे प्लॉट घ्यायचा विचार असेल तर आजचा डिजिटल सातबारा ही फक्त सुरुवात समजा. त्यावर लिहिलेले फेरफार क्रमांक एकेक करून काढा, जुना हस्तलिखित सातबारा काढा, 'नऊ तीन, नऊ चार' काढा, 'इतर हक्क' रकाना दोनदा वाचा, आणि विकणाऱ्याला बहिणी किती हे सरळ विचारा. आणि जमीन तुमच्याच घरची असेल तर दिवाळीत गावी जाल तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला घेऊन बांधावर चक्कर मारा. कुठला तुकडा कोणाचा, कोणाला नुसता कसायला दिलेला, कुठल्या आत्याचं नाव लागायचं राहिलंय, हे सगळं वहीत लिहून घ्या, तारखेसकट. ते कुठल्याही सर्व्हरवर नाही आणि त्याचा बॅकअपही नाही.

हार्डवेअरवाले एक जुना नियम सांगतात. नवं मशीन उठलं, डेस्कटॉप दिसला, म्हणून लगेच जुनी डिस्क फॉरमॅट मारू नका. काही महिने खणात ठेवा. जमिनीच्या बाबतीत ते काही महिने म्हणजे दोन-तीन पिढ्या धरायला हरकत नाही.